जुन्या मसल कारचं सस्पेन्शन सुधारताना: काय घ्यावं, कोणत्या क्रमाने घ्यावं

१९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून पुढची आठ-नऊ वर्षं अमेरिकन कारखान्यांनी मध्यम आकाराच्या गाड्यांत एकाहून एक मोठी व्ही-८ इंजिनं बसवली. याच त्या मसल कार. सस्पेन्शन मात्र बहुतेक वेळा त्याच घराण्यातल्या साध्या सेडानचं राहिलं. मऊ स्प्रिंगा, बारीक अँटिरोल बार (वळणात बॉडीचा झुकाव आवरणारे आडवे दांडे), सावकाश फिरणारं स्टीअरिंग आणि त्या काळच्या बायस-प्लाय, म्हणजे तिरक्या थरांच्या, टायरांना धरून ठरवलेलं अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची मांडणी). त्यामुळे सरळ रस्त्यावर या गाड्या आजही थक्क करतात, पण वळणावर नाक बाहेर पळतं, बॉडी एका बाजूला झुकते आणि ब्रेक मारला की पुढचा भाग खाली बसतो.

आज जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय मॉडेलसाठी सस्पेन्शनची पूर्ण किट मिळतात आणि सगळा संच एकदम मागवण्याचा मोह होतोच. पण पुष्कळ गाड्या अशा किटनंतर नुसत्या कडक होतात. खड्ड्यात दणके बसतात आणि वळणावर पूर्वीइतकाच अविश्वास वाटतो. या गाड्यांना मुख्यतः दोन गोष्टी कमी पडतात: चाक रस्त्याला नीट टेकवून ठेवणारी भूमिती आणि स्प्रिंगेला आवरणारे चांगले शॉकॲब्सॉर्बर. पैसे आधी तिथे घालावेत. कडकपणा शेवटी वाढवावा, आणि तोही हिशोब करून.

आधी वापर ठरवा, मग झीज शोधा

गाडी आठवड्यातून एकदा लांब फेरीला जाणार, ऑटोक्रॉसला (शंकूंमधून वळणं घेत धावण्याच्या स्पर्धेला) उतरणार की ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) धावणार, हे आधी ठरवा. ड्रॅगसाठी पुढचा भाग सहज वर उठून वजन मागच्या चाकांवर जायला हवं असतं, तर वळणांसाठी तीच हालचाल आवरावी लागते. दोन्ही कामं उत्तम करणारी एकच मांडणी नाही. ‘सगळ्यासाठी’ म्हणून जी किट विकली जाते ती साधारणतः रस्त्यावरच्या वेगवान वापरासाठी असते, आणि बहुतेकांना तेच हवं असतं.

मग गाडी भक्कम स्टँडवर घ्या आणि प्रत्येक सांधा हलवून बघा. बॉलजॉइंट (चाकाजवळचा गोळ्याचा सांधा), टाय रॉडची टोकं, आयडलर आर्म, व्हील बेअरिंग, स्टीअरिंग शाफ्टवरचं रबरी कपलिंग, स्टीअरिंग बॉक्सचं ढिलेपण. पन्नास वर्षांच्या रबरी बुशांना (सांध्यात बसणाऱ्या बाहीसारख्या तुकड्यांना) तडे गेलेले असतात आणि आतली नळी मध्य सोडून एका बाजूला सरकलेली असते. स्प्रिंगा दबून खाली बसल्या आहेत का हे कळण्यासाठी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. डाव्या-उजव्या बाजूत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर नवीन भाग मागवण्याआधी त्याचं कारण शोधा. गंजलेली फ्रेम किंवा तडा गेलेला शॉक टॉवर (शॉकचं वरचं टोक धरणारा बॉडीचा उभा भाग) असेल तर सस्पेन्शनचं काम तिथेच थांबवून आधी ती दुरुस्ती करायची.

झिजलेले भाग मूळ दर्जाच्या नव्या भागांनी बदलून योग्य अलाइनमेंट करून घेतलं तरी गाडी इतकी सुधारते की पुढच्या खरेदीची यादी निम्मी होऊ शकते.

तुमच्या गाडीचं दुखणं कुठे आहे

‘मसल कार’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या रचना येतात. शेजारच्या गाडीला लागू पडलेला उपाय तुमच्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

जनरल मोटर्सच्या १९६४ ते १९७२ च्या ए-बॉडी (मध्यम आकाराचा समान सांगाडा असलेल्या) गाड्या म्हणजे शेव्हेल, जीटीओ, ओल्ड्समोबिल ४४२ आणि ब्यूक ग्रॅन स्पोर्ट. यांना स्वतंत्र फ्रेम, पुढे दोन कंट्रोल आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारे हलते दांडे) आणि कॉइल स्प्रिंग, मागे कॉइल स्प्रिंग आणि चार दांड्यांवरचा अखंड ॲक्सल. पुढचा मोठा दोष असा की वळणात बाहेरचं चाक वर दाबलं गेलं की त्याचा माथा आत झुकण्याऐवजी बाहेर झुकतो. टायर नेमका ज्या क्षणी सपाट टेकायला हवा, त्याच क्षणी तो कडेवर चढतो. यावर उपाय म्हणजे उंच बॉलजॉइंट किंवा उंच स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग), जोडीला त्यासाठीच बनवलेले वरचे कंट्रोल आर्म. वरच्या आर्मचं बाहेरचं टोक उंचावलं की चाकाचा झुकाव योग्य दिशेने होऊ लागतो आणि पुढचं रोल सेंटरही (ज्या बिंदूभोवती बॉडी झुकते तो) वर येतं. माझ्या मते ए-बॉडीच्या भूमितीसाठी सर्वात मोलाची खरेदी हीच. जुन्या काळी मोठ्या बी-बॉडी गाड्यांचे उंच स्पिंडल इथे बसवायची पद्धत होती. झुकाव सुधारायचा, पण चाक वर-खाली होताना आपोआप वळायला लागायचं. आता खास बनवलेले भाग मिळत असताना तो मार्ग धरायचं कारण उरलेलं नाही.

१९६७ ते १९६९ च्या कॅमेरो आणि फायरबर्डला पुढे तशीच भूमिती, पण पुढचा सबफ्रेम रबरी माउंटांवरून बॉडीला बोल्टने जोडलेला आणि मागे कमानपाटे. १९६७ मध्ये हे कमानपाटे एकाच पातीचे होते. जोरात ॲक्सिलरेटर दिला की पाती पिळवटायची आणि ॲक्सल उड्या मारायचा. म्हणून १९६८ पासून एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे बसवला गेला. या गाड्यांत चांगले बहुपाती कमानपाटे, सबफ्रेम कनेक्टर (पुढचा सबफ्रेम मागच्या भागाशी जोडणारे दांडे) आणि बॉडी माउंटच्या जागी ॲल्युमिनियमचे ठोकळे घातले की पुढचा आणि मागचा भाग एकत्र काम करू लागतो.

पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये कॉइल स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर, शॉक टॉवरच्या आत बसते. खालचा आर्म सडपातळ असतो आणि त्याला पुढून स्ट्रट रॉड आधार देतो. १९६५ आणि १९६६ च्या मॉडेलसाठी सर्वात परिणामकारक बदल जवळजवळ फुकट आहे. वरच्या कंट्रोल आर्मची बॉडीवरची भोकं सुमारे एक इंच खाली नव्याने पाडायची. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी शोधलेला हा बदल १९६५ च्या शेल्बी जीटी३५० मध्ये वापरला गेला. चाकाचा झुकाव सुधारतो आणि गाडी पुढून थोडी खालीही बसते. भोकं साच्याशिवाय पाडू नका, कारण डाव्या-उजव्या बाजूतला थोडासा फरकही नंतर अलाइनमेंटला छळतो. स्प्रिंग ज्या बैठकीवर टेकते ती रबरी बुशवर फिरते. तिथे बेअरिंगची बैठक घातली की अडखळ जाते आणि मऊपणा न गमावता हालचाल मोकळी होते. शॉक टॉवर एकमेकांकडे झुकू नयेत म्हणून एक्स्पोर्ट ब्रेस (टॉवरना मागच्या फायरवॉलशी जोडणारा आधार) आणि दोन टॉवरमधली आडवी मॉन्टे कार्लो पट्टी लावावी.

क्रायस्लरच्या गाड्यांत, म्हणजे चार्जर, रोड रनर, कुडा, चॅलेंजर यांत, पुढे कॉइलच नसते. लांबलचक टॉर्शन बार पिळला जाऊन स्प्रिंगेचं काम करतो. पुढची भूमिती इतरांच्या मानाने बरी, पण बार फार मऊ. उंची बोल्ट फिरवून बदलता येते म्हणून पुष्कळ जण गाडी सरळ खाली उतरवतात आणि मग ती सतत बंप स्टॉपवर (हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. तिथे जाड बारच हवेत. टॉर्शन बार डावा-उजवा अदलाबदल करायचा नसतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर पान्याचा ओरखडाही चालत नाही, कारण तडा तिथूनच सुरू होतो. खालचे आर्म उघड्या पत्र्याचे असतात. त्यांना खालून पट्टी वेल्ड करून बंद पेटीसारखं केलं की कमी खर्चात बरंच बळ येतं.

टायर

इथे फार विचार करण्यासारखं नाही. १४ इंची चाकं ठेवायची असतील तर सस्पेन्शनवर मोठा खर्च करू नका. चांगल्या पकडीचे टायर आज मुख्यतः १७ आणि १८ इंचांत मिळतात, १५ इंचांत पर्याय मोजके आहेत. चाकं आधी ठरवा, कारण गाडीची उंची, ब्रेकचा आकार आणि फेंडरच्या आतली जागा हे सगळं त्यावर अवलंबून असतं. पुढची चाकं दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबूनच जागा मोजायची. उभ्या गाडीत बोट घालून पाहणं पुरेसं नाही.

शॉकॲब्सॉर्बर

एकच गोष्ट घ्यायची ऐपत असेल तर शॉक घ्या. मूळ शॉक साधे ट्विन-ट्यूब होते. आजचे बिल्स्टाइनचे मोनोट्यूब शॉक गॅसच्या दाबामुळे तेलाला फेस येऊ देत नाहीत आणि उष्णता लवकर बाहेर टाकतात. कोनीच्या ॲडजस्टेबल शॉकमध्ये उसळी आवरण्याचं प्रमाण बदलता येतं, म्हणजे पुढे स्प्रिंग बदलली तरी शॉक वाया जात नाही. दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे बदलता येणारे शॉक क्यूए१सारखे उत्पादक देतात. पण ज्याला नोंदी ठेवून सावकाश चाचणी करायची आवड नाही, त्याने दुहेरी ॲडजस्टमेंटच्या मागे लागू नये.

गाडी खाली उतरवणार असाल तर शॉकची लांबी नीट बघा. मूळ लांबीचा शॉक दोन इंच खाली आणलेल्या गाडीत तळाला लागतो आणि लोक दोष स्प्रिंगेच्या कडकपणाला देतात. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शॉक दाबला जाण्याच्या दिशेने निदान दोन-तीन इंच प्रवास शिल्लक हवा. मागचा भाग उचलण्यासाठी हवेचे शॉक लावायची जुनी सवय मात्र सोडून द्या. शॉकचे माउंट गाडीचं वजन पेलण्यासाठी बनवलेलेच नसतात.

स्प्रिंगेचा हिशोब

कॅटलॉगमध्ये ‘६०० पौंड’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे स्प्रिंग एक इंच दाबायला ६०० पौंड बळ लागतं. पण चाकाला तेवढा कडकपणा जाणवत नाही, कारण स्प्रिंग कंट्रोल आर्मच्या मधे कुठेतरी टेकलेली असते. आर्मच्या आतल्या बिजागरीपासून स्प्रिंगेच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला बिजागरीपासून बॉलजॉइंटपर्यंतच्या अंतराने भागा. येणाऱ्या आकड्याचा वर्ग करून त्याने स्प्रिंगेचा आकडा गुणला की चाकाजवळचा कडकपणा मिळतो. मस्टँगमध्ये हे माप वरच्या आर्मवर घ्यायचं. स्प्रिंग तिरकी असेल तर खरा आकडा याहून थोडा कमी येतो, पण तुलनेसाठी एवढं पुरतं.

उदाहरण घेऊ. गुणोत्तर ०.५ आलं तर वर्ग ०.२५. म्हणजे ६०० ची स्प्रिंग चाकाजवळ फक्त १५० पौंड प्रति इंच. त्या चाकावर स्प्रिंगेने उचललेलं वजन ९०० पौंड धरू. आता १५० ला ९०० ने भागा, वर्गमूळ काढा आणि ३.१३ ने गुणा. उत्तर सुमारे १.२८. हा बॉडीच्या झोक्याचा वेग, सेकंदाला किती वेळा, म्हणजे हर्ट्झमध्ये. १ च्या आसपास गाडी आरामात डुलते, १.३ ते १.६ या पट्ट्यात रस्त्यावर चपळ पण सुसह्य राहते, २ च्या जवळ गेली की रोजच्या वापरात अंग दुखायला लागतं. त्याच गाडीत ३०० ची स्प्रिंग ०.९ देते, ८०० ची १.४८ आणि १००० ची १.६५. हे गणित दहा मिनिटांचं आहे. ते केल्याशिवाय स्प्रिंग मागवू नका, कारण एका गाडीत उत्तम ठरलेली ८०० ची स्प्रिंग दुसऱ्या गुणोत्तराच्या गाडीत असह्य होऊ शकते. मागचं टोकही असंच काढा आणि पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे उंचवटा ओलांडल्यावर गाडी पुढे-मागे डुलत राहत नाही. मागे ॲक्सल अखंड असल्यामुळे उभ्या हालचालीसाठी कमानपाट्याचा आकडा जवळजवळ तसाच धरता येतो.

स्प्रिंग कापून गाडी खाली आणणं हा पूर्ण मूर्खपणा नाही, पण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे लक्षात ठेवा. आणि ती कधीही गॅसने तापवून खाली दाबू नका. पोलादाचा ताव उतरतो आणि स्प्रिंग बसत जाते.

अँटिरोल बार

गाडीचा झुकाव कमी करण्याचा हा सर्वात स्वस्त मार्ग. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. एक इंचाऐवजी १.१२५ इंचाचा बार घेतला तर तो १.६ पट कडक होतो. पाऊण-एक इंचाच्या मधल्या मूळ बारवरून थेट जाड बारवर उडी मारताना हे ध्यानात असू द्या. आतून पोकळ बारचं वजन कमी असतं आणि ताकद फारशी घटत नाही, कारण मधलं धातू पिळाला फार विरोध करतच नाही.

पुढचा बार जाड केला की झुकाव कमी होतो, पण नाक बाहेर जाण्याची खोड वाढू शकते. मागे बार लावला की ती कमी होते. मागचा बार अति झाला तर वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरतं. कमानपाट्यांच्या गाड्यांत आधी फक्त पुढचा बार बदला, चालवून बघा, मागचा लागला तरच लावा. ए-बॉडीत मागचा बार खालच्या दांड्यांना बोल्ट होतो. त्या दांड्या उघड्या पत्र्याच्या असतील तर बारच्या बळाने पिळवटतात, म्हणून आधी त्या बंद पेटीच्या करून घ्या.

बुश: जिथे सर्वात जास्त चुका होतात

पॉलियुरेथेनचे बुश कडक, टिकाऊ आणि स्वस्त असतात, म्हणून सगळीकडे तेच घातले जातात. जिथे आर्म एकाच अक्षाभोवती फिरतो, उदाहरणार्थ पुढच्या कंट्रोल आर्ममध्ये, तिथे ते चालतात. तिथे डेलरिन (कठीण, गुळगुळीत प्लास्टिक) अधिक चांगलं, कारण ते कडक असूनही घर्षण न करता फिरतं. पण जिथे सांधा फिरण्याबरोबर वाकडाही होतो, तिथे पॉली घातक आहे.

ए-बॉडीच्या मागच्या ॲक्सलच्या वरच्या दांड्या एकमेकींकडे तिरक्या असतात. गाडी झुकली की त्यांच्या बुशांना पिळवटून घ्यावंच लागतं. रबर ते सहन करतं. पॉली तसं करू देत नाही, दांडी अडकते आणि मागचा भाग अचानक भलताच कडक होतो. वळणाच्या मधोमध मागची चाकं एकाएकी सुटतात ती यामुळे. तिथे रबर ठेवा, नाहीतर गोलाकार हालचाल करू देणारे सांधे असलेल्या दांड्या घ्या. मस्टँगच्या स्ट्रट रॉडलाही हाच नियम लागू. कडक बुशमुळे रॉड दर हालचालीला वाकतो, आणि असे रॉड तुटल्याची उदाहरणं आहेत. तिथे गोलाकार सांध्याचा रॉडच योग्य.

रबरी बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत लटकत्या स्थितीत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

अलाइनमेंट आणि कंट्रोल आर्म

मूळ पुस्तकातले आकडे नव्या रेडियल टायरना लागू नाहीत. तेव्हा कॅस्टर (बाजूने पाहताना स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कल) शून्याच्या आसपास ठेवत, कारण स्टीअरिंग हलकं हवं असे. आज रस्त्यासाठी कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा झुकाव; उणे म्हणजे माथा आत) उणे ०.५ ते उणे १ अंश, टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या असणं) एकूण एक सोळांश ते एक अष्टमांश इंच आणि पॉवर स्टीअरिंग असेल तर कॅस्टर अधिक ४ ते ५ अंश हा चांगला आरंभ. हाताच्या स्टीअरिंगला २ ते ३ पुरे. मूळ आर्मवर इतका कॅस्टर बहुधा मिळत नाही, आणि नळीचे नवे वरचे आर्म घेण्याचं खरं कारण तेच. नळीच्या आर्मला रंगीत चकाकी आहे की नाही हे गौण. विक्रेत्याला विचारा की यात किती अंश जादा कॅस्टर घडवलेला आहे. उत्तर आकड्यात येत नसेल तर दुसरा आर्म बघा.

भूमिती बदलल्यावर बंप स्टीअर, म्हणजे चाक वर-खाली होताना आपोआप वळणं, तपासायचंच. स्प्रिंग काढून ठेवा, जॅकने चाक दोन इंच वर आणि दोन इंच खाली न्या, दर अर्ध्या इंचाला टो मोजा. चाक आपोआप वळत असेल तर टाय रॉडच्या टोकाची उंची बदलून ते सरळ करता येतं.

कॉइलओव्हर आणि पूर्ण नवा पुढचा भाग

कॉइलओव्हरमध्ये, म्हणजे शॉकभोवतीच कॉइल स्प्रिंग बसवलेल्या भागात, उंची आणि स्प्रिंग दोन्ही सहज बदलतात. पण सगळं वजन शॉकच्या माउंटवर येतं. ए-बॉडीच्या मागे शॉकचं वरचं टोक पातळ पत्र्याला धरलेलं असतं, म्हणून तिथे मजबूत आडवी पट्टी असलेलं किट नसेल तर कॉइलओव्हर लावूच नका. रस्त्यावरच्या गाडीला चांगली स्प्रिंग आणि चांगला वेगळा शॉक यांची जोडी कमी पैशांत तितकंच समाधान देते.

शॉक टॉवर कापून १९७४ च्या मस्टँग-२ धर्तीचा पुढचा भाग बसवायचा सल्ला वरचेवर मिळतो. इंजिनाला जागा हवी असेल तरच तो घ्या. ते टॉवर बॉडीच्या ताकदीचा भाग आहेत, आणि एकदा कापले की परत येणं अवघड.

बसवणं आणि चाचणी

कॉइल स्प्रिंग काढताना चांगला कॉम्प्रेसर वापरा आणि स्प्रिंग साखळीने फ्रेमला बांधा. दाबलेल्या स्प्रिंगेत माणूस मारण्याइतकी शक्ती असते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही. बॉलजॉइंटच्या प्रत्येक नटला नवी कॉटर पिन घाला.

शक्य असेल तर एका वेळी एकच बदल करा. तोच रस्ता, तीच टायरमधली हवा, तेवढंच पेट्रोल. चालवून झाल्यावर नाक बाहेर जातं की मागचा भाग, खड्ड्यानंतर किती वेळा डुलते, ब्रेकला सरळ थांबते का, हे वहीत लिहा. ॲडजस्टेबल शॉक सर्वात मऊ जागेपासून सुरू करा आणि डुलणं थांबेपर्यंतच आवळा. त्यापुढचे टप्पे फक्त दणके वाढवतात.

पहिल्या शंभर मैलांनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, विशेषतः कमानपाट्यांचे यू-बोल्ट. नव्या स्प्रिंगा साधारण पाचशे मैलांत थोड्या बसतात. तेव्हा उंची पुन्हा मोजा आणि अलाइनमेंट दुसऱ्यांदा करून घ्या, या वेळी चालकाच्या आसनावर तुमच्याइतकं वजन ठेवून.